क्षमेची ओळ

बेलापूर,
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय मरिया,

महिनाभर तुला लिहायला बसते आणि उठते, त्याबद्दल माफ कर. तू फोन का उचलत नाहीस, ते मला ठाऊक आहे. दारू कशी सुटली, त्या पप्पांच्या साक्षीचा व्हिडिओ चर्चच्या मंडळीच्या यूट्यूबवर आला आणि पुण्यात तुझ्या हॉस्टेलच्या मुलींनीही तो पाहिला.

पप्पांची दारू सुटली म्हणून मी रोज देवाचे आभार मानते, हे आधी लिहून ठेवते. पण त्यांच्या साक्षीला मी विटले आहे. दुधाचा टेम्पो लावला की अंघोळ, पांढरा शर्ट, आणि जिथे प्रार्थना असेल तिथे हजर. दर वेळी गोष्टीतली दारू थोडी वाढते. शेवटी तुझं स्नेहसंमेलन येतंच: तू भाषण करत होतीस, हे झोकांड्या देत स्टेजवर चढले आणि तुझ्या हातातला माइक ओढून घेतला. लोक आधी हसतात, मग डोळे पुसतात. सुटका यांची झाली, आणि पहिल्या रांगेत मान खाली घालून बसायचं मी. ही माझी असूया तर नाही ना, हेही स्वतःला विचारून पाहिलं.

तुला कधी सांगितलं नाही, पण प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की मी तोंड मिटते. जसं आम्ही माफ केलं तसं तू आम्हाला कर, असं देवाला सांगायचं आणि घरी येऊन भांडी आपटायची, हे मला जमत नाही. ओळ गाळणारी बाई देवाला चालत असेल का, या धास्तीत किती वर्षं गेली.

गुरुवारी मंडळीतल्या झुंबरबाईंच्या अंगणात प्रार्थना होती. पप्पांनी पुन्हा तुझं स्नेहसंमेलन काढलं. त्यांचं झाल्यावर चर्चचे पाळक म्हणाले, आता जास्मिनताईंनीही दोन शब्द सांगावेत. मी उठले आणि म्हणाले, “मी यांना अजून माफ केलेलं नाही.”

सवयीनं सगळे म्हणाले, “आमेन.”

मग झुंबरबाईंनी हात धरून मला खाली बसवलं आणि म्हणाल्या, “बरं झालं बोललीस, बाई. देवाला ठावं हुतंच.”

वाटलं होतं, लाजेनं मरेन. उलट श्वास पार पोटापर्यंत गेला. माफ केल्याशिवाय देव मला जवळ करणार नाही असं मी धरून चालले होते, आणि तो तर त्या अंगणात मला माझ्या रागासकट घेऊन बसला होता. शेवटी क्षमेची ओळ आली, ती मी म्हटली. खरी झाली म्हणून नाही. मागणं म्हणून.

घरी आल्यावर दारात चपला काढताना पप्पा म्हणाले, “ती गोष्ट मरियाची हाय. माझी न्हाई.” एवढ्यावर माझा राग गेला असं समजू नकोस, काल पुन्हा भांडी आपटलीच.

हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी की नाताळला तू घरी यावंस. पप्पांना माफ करून ये, असं मी म्हणणार नाही. दुसरं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव. राग सोबत घेऊन ये. माझा इथे आहेच, त्याच्या शेजारी तुझाही राहील.

तुझीच,
मम्मी

ता. क. उद्या पप्पांना घेऊन पाळकांकडे जाते आहे. तो व्हिडिओ यूट्यूबवरून काढून टाकायला पप्पांनीच सांगायचं.