भिंतीवरचं धुणं

बदनापूर, १३ ऑगस्ट १९४७
भाऊजी वऱ्हाडातून आले. तिकडे परवा घरोघर तिरंगा. आपल्याकडे निजामाचाच अंमल. शाळेवर तोच पिवळा झेंडा, मधे पांढरा गोल. लोक त्या गोलाला कुलचा म्हणतात, रोटीसारखा म्हणून. तिरंगा लावला तर तुरुंग, यांची मास्तरकीही जाणार. भाऊजी म्हणाले, "वहिनी, आता मधात चरखा न्हाई, चाक हाय." दिवसभर ते चाक डोक्यात.

१४
लेकीला, सरूला सांगितलं. सातवा महिना, माहेरी आलीय. म्हणते, "आई, धुणं वाळू घालायला बंदी हाय का?"
माझं भगवं लुगडं, यांचं धोतर, तिचं डोहाळजेवणाचं हिरवं. तीन दोऱ्या, एकीखाली एक. चाकाला पिठाची चाळणी, वरच्या खुंटीला टांगून. यांनी धोतर उजेडात धरून पाहिलं. मंग म्हणाले, "धोतर जरा नवं घे."

१५, शुक्रवार
निजामाच्या शाळांना शुक्रवारीच सुट्टी. ऊन पडलं. परसातल्या भिंतीवर तिन्ही रंग एकदम हलले. हे आत जाऊन टोपी घालून आले. माझ्या डोळ्यांना काही धड दिसेना...
इतक्यात परसाच्या फाटकात पोलीस जमादार! सरूनं धोतर अन् हिरवं ओढून बगलेत मारलं. भगव्याची घडी सुटली, नऊवार भिंतभर पसरलं. विटून पिवळंच झालेलं ते. त्यावर मधोमध चाळणी, पिठानं पांढरी.
जमादारानं टाचा जुळवून सलाम ठोकला. "वाह मास्तर! सरकार का झेंडा! बिलकुल कुलचा!"
तो गेल्यावर सरू पोट धरून हसली. मी म्हटलं, हळू गं, हळू. मीच थांबेना.

१६
जमादाराकडून ऐकून हेडमास्तरांनी सगळ्या शाळेपुढे यांची पाठ थोपटली. इमान असावं तर असं, म्हणाले. हे तोंड पाडून घरी. "नोकरी पक्की झाली गं. पण पोरं कशी बघत होती माझ्याकडं." जेवले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं.
रात्री म्हणाले, "खरं सांगून टाकू का?"
मी हो म्हटलं नाही. नको तर मुळीच नाही.

१७, सकाळ
चहा न घेता निघाले. दारात म्हणाले, "फक्त पोरांना सांगतो." पोरांना सांगितलं की दुपारपर्यंत गावभर, हे यांना ठाऊक आहे. मला भीती वाटायला हवी. ओट्यावर उभी राहून बघत होते. वळणापर्यंत हे शीळ घालत गेले. इतकी वर्षं संसार केला, यांना शीळ येते हे मला आज कळलं.