रूपाची कॉफी आणि माझं घर

मी रुख्मिणीबाई किसनसिंग आडे, धंदा शेती, राहणार शिरड शहापूरच्या पलीकडचा तांडा, जिल्हा परभणी, वय साठीच्या जवळपास, बराबर कोणालाच ठाऊक न्हाई, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर हाय. मला कोणी धमकावलं न्हाई, कोणी गोड बोलून बसवलं न्हाई, तशी हिंमतबी कोणाची न्हाई. दोन महिने झाले छातीत दुखून राहिलं, पाण्याची घागर उचलली की दम लागतो. थकले. म्हणून आज लिहिते. रामसिंग शाळेत जात होता तव्हा गावात बायांना शिकवायची मोहीम आली, तिथं मी अक्षरं शिकले. शिरडचे किराणा दुकानदार पुनमचंदशेट यांनी कायद्याचे शब्द एका कागदावर काढून देले. लागतील तिथं ते घेते. बाकी माझं हाय, चुकलं तर चुकलं.

पहिलं. माझ्या मालकीचं काय. नवऱ्याची जमीन त्याच्या मागं आमचा एकुलता पोरगा रामसिंग याच्या नावावर गेली, तिच्यात माझा काही संबंध न्हाई. माझ्या बापानं मला चोळी-बांगडीसाठी देलेली दोन एकर, आन त्या दोन एकरातल्या हळदीच्या पैशावर बांधलेलं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, ही माझी स्वतःची मिळकत. या घराचा एक पत्राबी किसनसिंगनं आणला न्हाई. मालकी दाखवायला लिहावं लागतं म्हणून लिहिलं. मेलेल्या माणसाला नावं ठेवायची म्हणून न्हाई. ती पुढं ठेवते.

दुसरं. मी मेल्यावर गावजेवण घालू नये. जे माझ्या बाजंपाशी आले न्हाईत त्यांनी माझ्या नावानं बुंदी खाऊ नये. रडायचं असंल तर एक दिवस रडा, दुसऱ्या दिवशी म्हशीची धार काढा. म्हैस तुमच्या रडण्यासाठी थांबत न्हाई.

तिसरं. माझी केसात घालायची चांदीची घुगरी-टोपली नातीला, ती लगीन होईस्तोवर रामसिंगनं मोडू नये. चार शेळ्या सुनंला, निर्मलाबाईला. तिला शेळ्यांचा वास येतो हे मला ठाऊक हाय. नणंद जनकाबाई हिला काही न्हाई. माझ्या घरात सवत आली त्या दिवशी ती दारात उभी राहून म्हणली, "वयनी, बरं झालं, पाणी भरायला जोडीदारीण मिळाली तुला." आन हसली. त्या हसण्यापायी काही न्हाई.

चवथं. आता सवतीचं.

किसनसिंग तुंगभद्रेच्या धरणावर मातीकामाला गेला होता. काम संपल्यावर आला तव्हा मागं एक बाई. आपल्याच जातीची, कर्नाटकातल्या तांड्यावरची, आपलीच बोली बोलणारी. नाव रूपाबाई. लगीन लावलेलं न्हाई. धरणावर एका खोपटात राह्यले, तेवढंच. रामसिंग तव्हा रांगत होता. मी किसनसिंगला म्हणले, "हिला काहून आणलं?" तो म्हणला, "आली." एवढंच बोलला, आन मरस्तोवर त्याच्यापेक्षा जास्त काही सांगितलं न्हाई.

मी तिला हाकलणार होते. पण ती आल्या-आल्या तापानं पडली. आजारी बाईला हाकललं तर तांडा मला नावं ठेवतो. तापात ती सारखी "कॉफी, कॉफी" करायची. आमच्याकडं कोणी ते नाव ऐकलेलं न्हाई. मला वाटलं, मागं सोडलेलं कोणी माणूस असंल. किसनसिंगनं सांगितलं, ते पिण्याचं हाय. हिचे मायबाप कॉफीच्या मळ्यात दाणे तोडायला जायचे, लहानपणापासून सवय हाय, मिळालं न्हाई की हिचं डोकं दुखतं. मी ठरवलं, जे मागती ते आणून द्यावं, बरी करावी, मंग हाकलावी.

म्हणून वसमतहून रेल्वेनं पूर्ण्याला गेले. तिथं रेल्वेची मद्रासी माणसं राहतात, त्यांच्यासाठी एक दुकानदार कॉफीच्या बिया भाजून विकतो. घेतल्या. येताना कुरुंद्याच्या गिरणीवर दळायला थांबले. दिवस हळदीचे. गिरणीवाला म्हणला, "जातं पुसून देतो, बाई." पुसलं त्यानं, खांद्यावरच्या उपरण्यानं. पीठ निघालं ते पिवळं. मला वाटलं कॉफी अशीच असती. घरी येऊन च्यावाणी खळखळ उकळली आन नेऊन देली.

रूपानं पेला तोंडाला लावला. थांबली. माझ्याकडं पाह्यलं. मंग सगळा पिऊन टाकला आन म्हणली, "बाई, माझ्या अंगाला कव्हा हळद लागली न्हाई. तुझ्या नवऱ्यानं लावली न्हाई. तू तर सरळ पोटातच घातली." आन अंगात ताप असताना हसाया लागली. मलाबी हसू आलं. ते मला बिलकुल आवडलं न्हाई. सवतीसंगं एकदा हसलं की मंग तिला हाकलायचं कोणत्या तोंडानं?

राहून गेलं. ती बरी झाली, मी मनाशी म्हणले हळद निघाल्यावर हाकलू. हळद निघाली, म्हणले पाऊस पडल्यावर. रामसिंगला पाठीवर बांधून ती माझ्या रानात खुरपायला जाऊन राहिली. चूल माझी, तिच्यावर दुसरीचा हात चालू द्यायचा न्हाई, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणून तिची कॉफीबी मलाच करावी लागली. ती मागं बसून सांगायची, "बाई, उतरव. बाई, झाक. बाई, तुला घाई काहून असती?" मी शिव्या द्यायचे आन करायचे. मी कॉफी पीत न्हाई, मला ती करपलेल्या भाकरीवाणी लागती. पण रोज सकाळी जिच्यासाठी पाणी तापवायचं तिच्यावर दात धरून बसता येत न्हाई. दुपारी येतं, लई वेळा धरला. सकाळी न्हाई.

दुष्काळाच्या साली किसनसिंग मेला. त्याच्यासाठी आलेली बाई मंग कोणासाठी राह्यली, हे तांड्यानं लई विचारलं. आमी दोघींनी कोणाला सांगितलं न्हाई, एकमेकींनाबी न्हाई.

पाचवं. रामसिंग हिंगोलीला यष्टीत कंडक्टर हाय, बायको-पोरं इथंच माझ्या घरात राहतात. लहानपणी तो रूपाला नानकी याडी म्हणायचा. याडी म्हंजे माय, नानकी म्हंजे धाकली. नोकरी लागली तव्हापासून ‘ती’ म्हणतो. दिवाळीला म्हणला, "याडी, तू गेल्यावर तिला तिच्या मुलखात पोचवून देतो. स्वतः गाडीत बसवून देतो, तकलीफ होऊ देत न्हाई." मी म्हणले, "तिच्या मुलखात कोण हाय?" म्हणला, "असंल कोणी." कोणी न्हाई. मायबाप गेले, तांडा तिथून उठला. कायद्यानं ती माझ्या घरात कोणीच न्हाई. हे मृत्युपत्र तेवढ्यासाठी हाय, बाकी भांडीकुंडी कोणीबी उचलली असती.

तरी माझ्या मागं घर आन दोन एकर रामसिंगला, पण रूपा जिवंत हाय तोवर तिनं माझ्याच घरात, चुलीच्या खोलीत राहावं, आन रामसिंगनं मुक्कामाला असंल त्या दिवशी सकाळी तिला स्वतःच्या हातानं कॉफी करून नेऊन द्यावी. बायकोला सांगू नये. कशी करायची ते लिहिते, मला कोणी लिहून देलं नव्हतं.

बिया भाजलेल्या घ्याव्या, पण काळ्या करून टाकलेल्या घेऊ नये. त्या जुन्या असतात, वास मारायला करपवतात. दाणा दाताखाली कडकन फुटावा. चपट्या दाण्यात कव्हाकव्हा एखादा गोल निघतो, तो रूपाला आवडतो, दुकानदाराला चाळून मागावा, तो कुरकुर करील, करू द्यावी. तयार पूड घेऊ नये. घ्यावीच लागली तर चिमूटभर गार पाण्यावर टाकून पाहावी. कॉफी वर तरंगती. भेसळीची चिकोरी खाली बसती आन पाणी लगेच लाल करती. बिया घरी खलबत्त्यात कुटाव्या, रव्यावाणी, पीठ करू नये. गिरणीवर नेऊ नये.

पाणी उकळलं की तपेलं खाली उतरावं, मंग पूड टाकावी. चुलीवर असताना टाकायची न्हाई, कडू होती. झाकावं. तेवढ्यात चुलीची राख ओढावी, अंगण झाडू नये, विसरशील. वरून गार पाण्याचा शिपका मारावा, गाळ खाली बसतो. फडक्यातून गाळावी. गूळ पेल्यात आधी फोडून ठेवावा. दूध तिला नको असतं, पावसाळ्यात मागती, तव्हा गूळ इरघळल्यावर शेवटी घालावं, न्हाई तर नासतं. पेला पितळी, काचेचा न्हाई. तिला दोन्ही हातानं धरून बसायला लागतं. देऊन लगेच उठू नये. थोडं बसावं. बोलायची गरज न्हाई.

पुनमचंदशेट वाचून म्हणले, "रुख्मिणीबाई, असली अट कोर्टात टिकत न्हाई. रोज केली का न्हाई, कोण तपासणार?"

"रूपा तपासील."

"आन बिघडली तर?"

"तर तोंड वाकडं करून पिईल. तिला सवय हाय."

ते म्हणले, मंग नुसतं लिहा की रूपाबाईला राहू द्यावं, कॉफी कशाला मधात? त्यांना कळलं न्हाई. राहू देणं म्हंजे काय, तिला गोठ्यातबी राहू देता येतं. ज्यानं सकाळी पेला नेऊन देला त्याला संध्याकाळी तिला गाडीत बसवता येत न्हाई. एवढं मला पक्कं ठाऊक हाय, कारण मला जमलं न्हाई.

इथपर्यंत लिहून झालं आन रामसिंग ड्युटीवरून आला. पिशवी खाली ठेवायच्या आधी कागद उचलला. म्हणला, "हे काय हाय, याडी?"

मी म्हणले, "वाचता येतं ना? वाच."

वाचलं. मंग म्हणला, "पुडी आणून देईन. पाहिजे तर दर महिन्याला आणीन. पण चुलीपुढं बसून तिला करून देणार न्हाई. खाकी घालून फिरतो मी. लोक म्हणतील, बापानं धरून आणलेल्या बाईची चाकरी करून राहिला."

"तुला पाठीवर बांधून तिनं रान खुरपलं."

"मी सांगितलं होतं का बांध म्हणून?"

रूपा दारात गवताचा भारा टाकून उभी होती. सगळं ऐकलं तिनं. भांडली न्हाई. म्हणली, "बाई, फाड तो कागद. पोरासंगं काहून वाईट होती? मी जाते. माझं गाठोडं लहान हाय." रामसिंग तिच्याकडं न पाहता बाहेर गेला. ती खाली बसून भारा सोडाया लागली. गाठ लवकर सुटंना.

म्हणून पाचव्या कलमातलं घराचं आन जमिनीचं जे लिहिलं ते रद्द. कॉफी करायची रीत तशीच ठेवावी, ती रद्द न्हाई.

सहावं आन शेवटचं. माझं घर आन चोळी-बांगडीची दोन एकर मी रूपाबाई हिला पूर्ण मालकी हक्कानं देते. ती ठेवील, विकंल, कोणाला देईल, तिची मर्जी. तिला घरातून काढायचा हक्क कोणालाच न्हाई. लोक विचारतील ती माझी कोण, तर या घरातली धाकली, असं लिहून घ्यावं.

रामसिंग माझ्या पोटचा हाय. त्याच्यावर माझा राग न्हाई, राग करायला आता दम पुरत न्हाई. त्याला बापाची जमीन हाय, पगार हाय. हे घर पाहिजे असंल तर त्यानं रूपाकडं मागावं. ती देईल, तिला न्हाई म्हणता येत न्हाई, हीच तिची खोड. फक्त मागायला सकाळी जावं, आन रिकाम्या हातानं जाऊ नये.

वरचं सगळं मी लिहिलं, पुन्हा वाचलं, खाडाखोड माझीच हाय. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाह्यलं आन माझ्यापुढं सही-अंगठा केला.

सही: रुख्मिणीबाई किसनसिंग आडे

साक्षीदार:
१. पुनमचंद, किराणा दुकानदार, शिरड शहापूर (सही)
२. देवला, तांड्याचा नाईक (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम तांडा, शिरड शहापूर, जिल्हा परभणी
तारीख ६ मार्च १९७७