‘मुळीच नाही’

प्रिय ताई,

काल फोनवर विचारलंस, “इथे करमत नाही रे, चार दिवस येऊ का?” मी म्हणालो, परिषदेला चाललोय. कसली परिषद नि काय! मला आता कोणी बोलावत नाही.

तीस वर्षं मी विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध शिकवले. टीव्हीवरही बोललो. सीमेवर तणाव वाढला, त्या संध्याकाळी निवेदिकेनं विचारलं, “सर, युद्ध होईल?” खरं उत्तर ‘सांगता येत नाही’ हे होतं. पण तसं म्हणणाऱ्याला कोण विचारतं? मी छातीठोकपणे म्हणालो, “मुळीच नाही. ही नुसती गुरगुर आहे.”

सीमेजवळच्या तुमच्या गावातून शेजारी निघून गेले. दाजींनी मात्र भरलेली बॅग रिकामी केली. “आपला मेव्हणा उगाच बोलायचा नाही,” म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या दुकानावर तोफगोळा पडला. बॅगेचं तूच मला सांगितलंस, त्यांना अखेरचा निरोप देऊन परतताना, अगदी सहज.

पुढच्याच आठवड्यात मी पुन्हा टीव्हीवर गेलो, ताई. म्हणालो, “लक्षणं दिसतच होती.” तू ते पाहिलंस का, हे विचारायची माझी छाती नाही. त्यानंतर मीच जाणं बंद केलं, मग बोलावणीही थांबली.

दर रविवारी तू विचारतेस, जेवलास का, गुडघा कसा आहे. एकदा तरी शिव्या घाल ना! तू घालत नाहीस, म्हणून तुझ्यासमोर जेवायला बसायची मला भीती वाटते.

मागच्या खोलीतल्या पलंगावर आज धुतलेली चादर घातली. ‘ये’ म्हणायचं तेवढं राहिलंय.

तुझा,
धाकटा