दातेरी रेषेतलं घर

मी, हार्लन ट्वेट, वय बहात्तर, राहणार टेकडीवरचे घर, लिंडाल टाउनशिप, आयोवा, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र करीत आहे. कोणाचाही दबाव नाही. पत्नी अर्डिस समोर बटाटे सोलत आहे; मी काय लिहितो याच्याशी तिला देणेघेणे नाही, असे ती म्हणते.

१. चुलतभाऊ ओर्विन यास १९६२ चा सरकारी भूनकाशा, चौकटीसह. त्यात आमच्या घराभोवती उंचीची एक बंद गोल रेषा आहे. अख्ख्या टाउनशिपमध्ये दुसरी नाही. म्हणजे टेकडी, असे मी एकतीस वर्षे चर्चमधल्या कॉफीच्या वेळी सर्वांना ऐकवले. ओर्विन दर वसंतात बर्फ वितळले की विचारायचा, "काय टेकडीवाले, बूट आजही ओलेच?" त्यापायी मी त्याच्याशी अकरा वर्षे बोललो नाही. माफी मागत नाही. नकाशा घे आणि गप्प बस.

२. तळघरातले पाणी उपसायचे चार पंप भंगारात द्यावेत. त्या पाण्याला मी टेकडीचा झरा म्हणत असे. लोक हसले की वाटे, जळतात मेले.

३. घराविषयी. यंदा एप्रिलमध्ये रस्त्याचा मुकादम डेल्मर आमच्याकडे कॉफीला थांबला आणि चष्मा लावून नकाशापाशी गेला. "हार्लन, या रेषेला आतून बारीक दाते आहेत. दाते म्हणजे खड्डा रे बाबा!"

मी अर्डिसकडे पाहिले. "तुला ठाऊक होतं?"

"नकाशा आला त्याच दिवशी सांगितलं होतं. तू म्हणालास, बायकांना यातलं काय कळतं."

लग्नाच्या आठवड्यातच ती म्हणाली होती, घर पूर्वेच्या शेतात बांधू, तिथे उंच आहे. मी ऐकले नाही. बेचाळीस वर्षे तिने माझ्या टेकडीतून बादल्या वाहिल्या. मला लाज वाटते. सबब, माझ्या पश्चात हे घर पाडून पूर्वेच्या शेतात अर्डिससाठी नवे बांधावे.

४. कलम तीन अर्डिसने आत्ताच वाचले. म्हणाली, "तू मरायची वाट कशाला बघायची? जमीन गोठायच्या आत पाया खणून घे." सबब 'माझ्या पश्चात' हे शब्द रद्द. सुतार सोमवारी येतो आहे.

साक्षीदार: पास्टर ल्युथर आम्डाल, डेल्मर क्लाइन, मुकादम.

सही: हार्लन ट्वेट
दिनांक: ८ ऑक्टोबर १९९३
ठिकाण: वर 'टेकडीवरचे घर' लिहिले आहे. ते 'खड्ड्यातले' असे वाचावे.