तळपाय तुझ्यासाठी

मिरज,
९ डिसेंबर, सोमवार

संयोगिताताईस,
अमृतचा नमस्कार. दाजींनाही सांग.

लिहायचं लिहायचं म्हणून चारदा पेन घेतलं आणि चारदा चहाला निघून गेलो. फोन तू उचलत नाहीस, म्हणून शेवटी बसलोच. उद्या माझा दोस्त साईराज टेम्पो घेऊन साताऱ्याला निघालाय, त्याच्याकडं देतो.

दोन आठवडे दवाखान्यात आईजवळ आहे. मी, आणि एका जागी! दुपारी ती पडली की गल्ल्या हिंडतो. इथं तंबोऱ्याचे भोपळे घासणारे एक म्हातारे आहेत. म्हटलं, एवढं हळू का? तर म्हणाले, "जोर दाखवायचा तर लाकूड फोड जा. ह्यो भोपळा हाय." असू दे, सांगत होतो वेगळंच.

आईचा छातीच्या ऑपरेशनच्या बाजूचा हात लय सुजलाय. मी कुंडलच्या तालमीत पैलवान चोळत होतो ना, म्हटलं दोन दिवसांत सूज उतरवतो. बाह्या सरसावल्या, तोच व्यायाम शिकवणाऱ्या सोनियामॅडम धावत आल्या. "आवं पैलवान, आई हाय का कणीक?" काखेतल्या गाठी काढल्यात, म्हणून त्या हाताला जोर नाही. हाडं ठिसूळ झालीत, म्हणून पाठ दाबायची नाही. मग डॉक्टरांना विचारून त्यांनीच दाखवलं. तळपाय, दुसरा हात, कपाळ. बाळाच्या टाळूवरून फिरवावा तसा हात. म्हणाल्या, "यानं आजार जात न्हाई. पण झोप लागंल."

लागली, ताई. गोळीनं लागत नव्हती ती.

हाडं ठिसूळ झालीत, असं लिहून मी पुढं पळालो. आजार हाडात उतरलाय. डॉक्टर म्हणतात, आता घरी न्या.

मग मॅडमना ते विचारलंच. तू आईचा खांदा चोळायचीस आणि गाठीचा रिपोर्ट आल्यावर आप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, "तूच चोळून चोळून पसरवलंस." तू गेलीस ती गेलीसच. आप्पांनीही त्या दिवसापासून आईला बोट लावलं नाही, अजून पसरंल म्हणून. मॅडम म्हणाल्या, "कुणी सांगितलं रं? चोळल्यानं पसरत न्हाई. उलट पोरीच्या हातानं आराम पडला असंल." मी जिन्यात जाऊन रडलो. वर्षभर तू हे उरावर घेऊन बसलीस.

अजून एक आहे. तळपाय चोळताना आई डोळे मिटून म्हणते, "संयोगी, आलीस व्हय?" मी बारीक आवाजात "व्हय" म्हणतो. रोज. काल तिनं डोळे न उघडताच विचारलं, "अमृत, किती दिस संयोगी व्हशील रं?"

मी तिचा दुसरा पाय मांडीवर घेतला.

थांब, दारात कोण आहे बघतो.

ताई, आप्पा आलेत. कोरेगावहून, एकटे, एस्टीनं. इतके दिवस दवाखान्याची पायरी न चढलेला माणूस. चपला हातात घेऊन दारातच उभे आहेत, आत येत नाहीत. मी त्यांना मॅडमचं सगळं सांगितलं. मग म्हणाले, "पोरगीला उगंच बोललो." आणि आता मला विचारतायत, "हात लावला तर चालंल न्हवं? कुठं लावू?"

त्यांना कपाळ दाखवतो. तळपाय तुझ्यासाठी ठेवतो.

तुझा,
थोडे दिवस संयोगी झालेला,
अमृत