दीपाच्या लग्नाला मामा नाही

यवतमाळ
१२ मार्च २०२५

नलूताईले अश्वजितचा सप्रेम जय भीम.

तिकडे झरीत सारे बरे असतील. इकडे ऊन तापून राह्यलं. दीपाची पत्रिका मिळाली. तिचं नाव छापलेलं पाहून मले लई बरं वाटलं.

ताई, लग्नाले माझ्याच्यानं येणं होत नाही. जिनिंगमध्ये कापूस लई हाय, सुट्टी भेटत नाही, असं तुझी भावजय ममता तुले फोनवर बोलली. ते खरं नाही. दिवाळीपासून मी कामावरच नाही. फोन करतो तर ममता बाजूलेच असते, म्हणून लिहून राह्यलो.

मागच्या उन्हाळ्यात माझी छाती वाढाले लागली. बाईसारखी. दुखेही. कापसाच्या गाठी उचलताना सारे उघड्या अंगानं राहत, मी मात्र सदरा काढत नव्हतो. एक दिवस हौदावर अंग धुताना लोकायनं पाहिलं. दुसऱ्या दिवशीपासून मले 'वहिनी' म्हणाले लागले. मी काम सोडलं.

दवाखान्यातली डॉक्टरीण आपल्या दीपाएवढी. मी खाली मान घालून बसलो. ती म्हणे, "काका, लाजू नका. बाईचं हार्मोन पुरुषाच्या शरीरातही थोडं तयार होतं. लिव्हर ते मोडून बाहेर काढतं. तुमच्या लिव्हरला आता ते जमत नाही, म्हणून ते साचतं. आणि पुरुषाचं हार्मोन कमी पडतंय."

मग दारूचं विचारलं. तूही विचारशील. नाही ताई, थेंब नाही. रक्तातली जुनी कावीळ निघाली. कधी लागली, कोणालेच माहीत नाही.

पोटात पाणी भरे, त्याची गोळी दिली. त्या गोळीनंही छाती वाढू शकते, दुसरी बदलून देऊ, असं ती म्हणे. मी तिले न विचारताच गोळी बंद केली. नवा सदरा घालून दीपाच्या मागं उभं राहाचं होतं मले. पण पोट असं फुगलं का श्वास घेता येईना. भरती केलं, सुईनं पाणी काढलं.

तेव्हा डॉक्टरीण ममताशी बाहेर बोलली. दार लोटलेलं नव्हतं. लिव्हर बदलण्याएवढी ताकद आता माझ्यात उरली नाही, असं म्हणे. पावसाळ्यापर्यंतचं काही सांगता येत नाही, हेही म्हणे.

ममता आत आली. म्हणे, "गोळ्या घेतल्या का बरं वाटते म्हणते."

मी म्हटलं, "मंग ठीक हाय."

तेव्हापासून आमी दोघंही तेच बोलून राह्यलो. ती भाकर चुरून देते, मी दोन घास खातो, आन् चव चांगली हाय म्हणतो.

मामा म्हणून भीमराजले उभा कर. चुलत असला तरी तो दीपाचा मामाच हाय. दीपाले सध्या काही सांगू नको. लग्न झालं का मंग ये. एकटीच ये. मले पाहून ममतासमोर रडू नको.

आन् ताई, उशीर करू नको.

तुझा लहाना भाऊ,
अश्वजित