खासदारबाईंची हजेरी

कुरुंदवाड,
१० जुलै

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी पत्राच्या डोक्यावर जावक क्रमांक घालायची हेडक्लार्कची सवय काही सुटत नाही तुझी. हे म्हणतात, फोन करा की सरळ. पण आपण दोघी फोनवर हमखास भांडतो. पत्रात निदान पाकीट चिकटवेपर्यंत राग निवतो, हे तुझंच म्हणणं खरं.

इथलं पाणी कालपासून उतरायला लागलंय. आपल्या घराला काही झालं नाही, पायरीपर्यंत येऊन परत गेलं. पण अक्का, सोमवारी फार वाईट प्रसंग आला. मळ्यातली माणसं पलीकडच्या शाळेत हलवली होती. तिथल्या पोरांना अंगणवाडीचा खाऊ नावेतून पोचवा, असा आम्हाला हुकूम. मी, माझी मदतनीस बायडाबाई आणि शिऱ्याची दोन पातेली. मधोमध नाव कशाला तरी धडकली, कलंडली, आणि बायडाबाई पाण्यात. नावाड्यानं पदराला धरून वर ओढली. नावेत बुडू नये म्हणून घालायचं जॅकेट एकच होतं आणि ते आमच्यासोबत आलेल्या साहेबांच्या अंगात होतं. वर आल्यावर बायडाबाईनं पहिल्यांदा काय विचारलं असेल, तर पातेलं हाय न्हवं?

तेव्हापासून मला धड झोप नाही. पुराच्या कामावर पाठवता तर जॅकेट द्या, विमा उतरवा, एवढंच मागायचं आहे. तू एक अर्ज लिहून दे. तुझ्यासारखा अर्ज जिल्ह्यात कुणी लिहीत नाही. माझा नोकरीचा पहिला अर्जही तूच लिहिला होतास. वाट बघते.

प्रकृतीला जप. माया आहे तशी असू दे.

तुझी,
सौंदर्या


मंगळवार पेठ, कोल्हापूर
जा. क्र. ३१, २४ जुलै

चि. सौंदर्या हीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण लोकसभेचं अधिवेशन सुरू झालं आहे.

आपल्या खासदार बाईसाहेब चारही दिवस हजर. हजर नसायला काय झालं? कॅमेरे असतात तिथं. मंगळवारी वर्षाराणी अडीच मिनिटं बोलली. हिरवी साडी, कानात मोती, आणि आवाज वरच्या पट्टीत गेला की श्वास तुटतो तो तुटतोच अजून. कॉलेजात तीन वर्षं वक्तृत्वात मी पहिली आणि ती दुसरी. तेव्हाच मी तिला सांगितलं होतं की वाक्याआधी श्वास घे. आता दिल्लीत बोलते, पण श्वास तिथंच चुकतो. मी ते भाषण दोनदा लावून पाहिलं. राजकारणातल्या घरात लग्न झालं म्हणून ती तिकडे. आपले बाबा गेले म्हणून मी हजेरीपत्रकाशी. तू म्हणशील अक्का जळते. जळते तर जळते. माझ्या आकड्यात खोट नसते.

आपल्या चौकातल्या तालमीचा फलक तू पाहिलेला आहेस. पूर्वी त्यावर मयताची बातमी आणि फुटबॉलचा निकाल एवढंच असायचं. अकरा वर्षं झाली, अधिवेशनाच्या दर रविवारी मी त्यावर वर्षाराणीची हजेरी, प्रश्न, भाषणं, मतदान आणि शेरा असे पाच रकाने भरते. मतदानाचा रकाना बहुतेक मोकळाच. आवाजी मतदानात ती हो म्हणाली की नुसते ओठ हलवले, कोण सांगणार? पण लोक थांबून वाचतात. तालमीचा सयाजी सांगत होता की पेपरपेक्षा बाईंच्या खडूवर माणसांचा इतबार हाय. हे ऐकून मात्र बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पाणी उतरलं हे वाचून जीव भांड्यात पडला. बाहेर जाताना छत्री घेत जा. जावईबापूंना नमस्कार.

तुझी,
अक्का


कुरुंदवाड,
६ ऑगस्ट

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, की अक्कांना खासदारबाईंशी सोयरीक जमवायची हाय का काय. मी हसले. मग पानं मोजली. तिच्या अडीच मिनिटांना साडेतीन पानं, आणि मला एक छत्री.

तू म्हणतेस तुझ्या आकड्यात खोट नसते, म्हणून मीही मोजून सांगितलं. आता मलाच त्या बाईचा हेवा वाटायला लागलाय. तिचा श्वास कुठं चुकतो ते माझ्या बहिणीला पस्तीस-चाळीस वर्षं पाठ आहे. असो. चिडले नाही, थट्टा करते आहे. निम्मी तरी थट्टाच.

अर्जाचं मी माझं बघितलं, आता त्याची काळजी करू नकोस. बायडाबाई बरी आहे, पण नदीकडं तोंड करून बसत नाही. अंगणवाडी सोमवारपासून भरते आहे. पोरं भिंतीवरची पाण्याची रेघ दाखवून आपापली उंची मोजतात.

गणपतीला येशील ना? तुझ्यासाठी कवठाची बर्फी ठेवली आहे. लोभात थोडी जागा मलाही राख.

तुझी,
सौंदर्या


मंगळवार पेठ, कोल्हापूर
जा. क्र. ३४, २४ ऑगस्ट

चि. सौंदर्या हीस,
अ. उ. आ.

अधिवेशन संपलं. आज सकाळी शेवटचा फलक लिहिला. पाठ दुखते आहे, पण मन प्रसन्न आहे.

हजेरी एकवीसपैकी एकोणीस. प्रश्न अकरा. चर्चेत तीनदा भाग. आणि शेवटी लाल खडूनं लिहिलं: आपल्या जिल्ह्याचा विषय मांडला, शून्य. सयाजीनं ते मोठ्यांदा वाचलं तेव्हा चौकात चहा पिणारी माणसं उठून आली. त्यातल्या बाळासोनं विचारलं की येकदा बी न्हाई? मी सांगितलं, एकदाही नाही. इतकं समाधान मला निवृत्तीच्या निरोप समारंभातही झालं नव्हतं.

म्हणायला तिनं एक कागद सभागृहाच्या पटलावर ठेवला आहे. पटलावर ठेवणं म्हणजे काय, तर तोंड न उघडता कागद देणं. आमच्या ऑफिसात कुणी अर्ज टेबलावर ठेवून गेला, तर तो माणूस बोलला असं आम्ही धरत होतो का? मी तो धरला नाही. नियम तो नियम. कागद कशाचा होता याला महत्त्व नाही.

अंगणवाडीवाल्यांच्या संघटनेची बनाबाई इकडं आली होती. तिनं फलकाचा फोटो काढून नेला. तुमच्याकडेही पोचला असेल.

यंदा गणपतीला येणं जमेलसं दिसत नाही. बर्फी कुणाला तरी देऊन टाक. खुशाली कळवत राहा.

तुझी,
अक्का


कुरुंदवाड,
३१ ऑगस्ट

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

फोटो पोचला. जिल्ह्यातल्या सगळ्या सेविकांच्या मोबाईलवर पोचला. येत्या शुक्रवारी दोनशे बायका खासदारांच्या ऑफिससमोर बसणार आहेत, हातात तुझ्या शून्याचे फलक घेऊन. बनाबाईनं मला पुढं बसायला सांगितलंय, कारण नावेतून खाऊ नेणारी मी.

अक्का, तो पटलावर ठेवलेला कागद माझा आहे.

जुलैत तुझी वाट बघितली. तुझ्या पत्रात अर्जाचा शब्द नव्हता, तेव्हा मी सरळ खासदारबाईंना लिहिलं. माझ्या मोडक्या भाषेत. त्यांच्या ऑफिसातून उत्तर आलं, सोबत लोकसभेच्या कामकाजाचं छापील पान. त्या दिवशी सभागृहात इतका गोंधळ होता की कुणालाच बोलता आलं नाही, सगळ्यांचेच विषय पटलावर घेतले गेले. जॅकेट, विमा, सगळं आहे त्यात. बायडाबाईचं नावही आहे. तिनं ते पान माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि देवघरात ठेवलं.

काल ती विचारत होती, की अक्काबाईंच्या फळ्यावर तर शून्य हाय, मग ह्यो कागूद खोटा व्हय? ती दिल्लीपेक्षा तुझ्या फळ्याला मानते. मी काय सांगू? पान बाहेर काढलं तर तुझी अकरा वर्षं खोटी ठरतात. नाही काढलं तर मी शुक्रवारी खोट्या शून्याखाली बसते, आणि ज्या बाईनं आमचं ऐकलं तिलाच शिव्या घालते. पुढच्या वेळी मग कोण आमचा कागद घेईल?

मी अजून कुणाला दाखवलेलं नाही. गुरुवारपर्यंत थांबते. तू काय करायचं ते तू ठरव. रागावून लिहिलं असेल तर लहान म्हणून पोटात घाल.

तुझी,
सौंदर्या


मंगळवार पेठ, कोल्हापूर
७ सप्टेंबर

चि. सौंदर्या हीस,
अ. उ. आ.

शुक्रवारी बायका खासदारांच्या दारात न बसता कलेक्टर कचेरीवर गेल्या, तू पान घेऊन पुढं होतीस, हे सगळं कळलं. माझ्या नव्या फलकाचा फोटोही तुझ्यापर्यंत आला असेल. फोटोत जे नाही ते लिहिते.

तुझं पत्र बुधवारी दुपारी आलं. मला काही नवीन कळलं नाही. तो कागद मी ऑगस्टमध्येच वाचला होता. दोनदा वाचला होता. बायडाबाईचं नाव आलं तेव्हाच कळलं की हे पत्र कुणी लिहिलं. आणि अशी आग झाली म्हणून सांगू! वर्षाराणीला खुर्ची मिळाली, माणसं मिळाली, ते मी सोसलं. पण माझी बहीण अर्ज घेऊन तिच्याकडे गेली, हे मला सोसवलं नाही. मग मी नियम शोधला आणि तो मिळाला. अकरा वर्षांत पटलावरचे सहा कागद मी धरले होते, सौंदर्या. हाच एक धरला नाही.

तू जुलैत मला विचारल्याचं मला आठवत नव्हतं. खोटं लिहितेस असं वाटून मी तुझं पत्र काढलं. कोपऱ्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: उत्तर दिलं, २४ जुलै. आलेल्या प्रत्येक कागदावर मी तसं लिहिते. वर तुझ्या अक्षरात, नाव कलंडली, बायडाबाई पाण्यात पडली, झोप लागत नाही. आणि मी छत्री घे म्हणून कळवलं होतं. त्या दिवशी जेवलेही नाही.

गुरुवारी सकाळी खडू घेऊन गेले. सयाजीनं चांगल्या मनानं सुचवलं की नजरचुकीनं राहिलं असं लिवा बाई, कुणी काय म्हणत न्हाई. पण नजर चुकली नव्हती. शून्य पुसून एक लिहिलं. पुढं शेऱ्यात लिहिलं, की हा विषय नोंद ठेवणारीनं वाचला होता, आणि मत्सरापोटी लपवला. खाली पूर्ण सही केली, महादेवी बसलिंगाप्पा.

माणसं जमली. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. बाळासोनं विचारलं की मग मागच्या अकरा वर्षातलं काय काय खोटं हाय?  मी खरं तेच सांगितलं की बाकी काही खोटं नाही असं मला वाटतं, पण आता माझ्या सांगण्यावर जाऊ नका. संध्याकाळी तालमीची बैठक झाली. पुढच्या अधिवेशनापासून फलक दुसरं कुणीतरी लिहील. सयाजी घरी येऊन खाली मान घालून सांगून गेला. मी सगळ्या वह्या त्याच्या हवाली केल्या. दार लावलं आणि रडले.

वर्षाराणीचा फोन आला होता. रागावली नाही. पटलावरच्या विषयाला मंत्रालयाचं उत्तर आलं की मला कळवीन म्हणाली, आणि कॉलेजातलं माझं एक भाषण तिला आठवत होतं, तेही सांगितलं. ती इतकं चांगलं बोलली याचा मला किती राग आला, ते फक्त तुलाच सांगते.

अर्ज सोबत जोडला आहे. कलेक्टरांच्या नावे, चार प्रतींत. दोन महिने उशीर झाला आहे. तुझ्या सहीखाली बायडाबाईची सही घे. कागद खोटा नाही, हे तिला मी स्वतः सांगेन. येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं येते आहे. त्या दिवशी नावेत काय झालं ते मला पहिल्यापासून सांग. मी मध्ये एकदाही बोलणार नाही.

माझ्यावर माया उरली असेल, तर तेवढी पुरे.

तुझी,
अक्का